बिनगाडीचा रस्ता

सूर्यकांत टिपणिसांच्या गाडीत त्यांची बायको बसत नाही, हे कॅनडातल्या मिल्टनमधल्या यच्चयावत मराठी माणसांना कळायला मंडळाची एक पिकनिक पुरली. टिपणीस आपल्या गाडीतून एकटे उतरले, आणि पाठोपाठ शेजारच्या ईश्वरभाई पटेलांच्या गाडीतून मटकीच्या उसळीचं पातेलं सांभाळत अरुणाबाई उतरल्या. दोन्ही गाड्या एकाच गल्लीतून, एकाच वेळी निघाल्या होत्या. लोक सुशिक्षित असल्यामुळे तोंडावर कुणी काही विचारलं नाही. पातेल्याला हात लावायच्या निमित्ताने चारपाच जणी अरुणाबाईंजवळ गेल्या, आणि मंडळाचे खजिनदार प्रताप गुप्ते टिपणिसांना झाडामागे घेऊन गेले. आपल्या ओळखीचे एक फॅमिली कौन्सेलर आहेत, माणूस कोकणस्थ असला तरी मनमोकळा आहे, असं त्यांनी हळूच सांगितलं.

वास्तविक भांडण कसलंच नव्हतं. घरात दोघं एकाच सोफ्यावर बसत, एकाच वाटीतले शेंगदाणे खात आणि एकाच मालिकेला नावं ठेवत. प्रश्न फक्त गाडीचा होता. मार्चमधल्या एका एकादशीला टिपणिसांनी अचानक निर्जळी उपास धरला. यात भक्तीपेक्षा वजनकाट्याने आदल्या दिवशी केलेल्या अपमानाचा भाग मोठा होता. ब्लडप्रेशरची गोळी मात्र त्यांनी शिस्तीने, रिकाम्या पोटी घेतली. मग ते बायकोला घेऊन निघाले आणि भर चारशेएक नंबरच्या हायवेवर त्यांची शुद्ध गेली. अरुणाबाईंनी शेजारून स्टिअरिंग ओढलं, गाडी कठड्याला घासत घासत थांबली, आणि दोघांनाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. टिपणिसांना यातलं काही आठवत नाही. समोर एक पांढरा ट्रक होता, आणि नंतर एक तरुण अँब्युलन्सवाला त्यांचं नाव विचारत होता, एवढंच. मधल्या भागाला ते ‘डुलकी’ म्हणतात.

डॉक्टरांनी नियमाप्रमाणे सरकारला कळवलं आणि लायसन गेलं. ते परत मिळवायला टिपणिसांना जे करावं लागलं त्यावर एक स्वतंत्र पुराण होईल. स्पेशालिस्ट म्हणे फॉर्म फॅमिली डॉक्टरने भरायचा, फॅमिली डॉक्टर म्हणे स्पेशालिस्टने, आणि दोघांचं एकमत होईपर्यंत फॅमिली डॉक्टर क्यूबाला सुट्टीवर गेले. जूनमध्ये लायसन आलं. सरकारचा विश्वास बसला, इन्शुरन्स कंपनीचासुद्धा जास्त हप्त्यावर का होईना बसला, पण बायको काही बसली नाही. गावातल्या गावात ती स्वतः गाडी चालवून ग्रोसरी आणी, हायवेवर जायचं असेल तर शेजारी शोधी. ज्या माणसाने तीस वर्षं विंडसरच्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासले, त्याच्या शेजारची सीट रिकामी राहावी, हे टिपणिसांना फार लागलं. क्षितिजला, म्हणजे मुलाला, त्यांनी फोनवर सांगून पाहिलं. तो म्हणाला, “बाबा, जस्ट टेक द ट्रेन.” याला काय कळणार, म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अशा परिस्थितीत एटोबिकोहून नेहेम्या पेणकर आणि जॉयसवहिनी जेवायला आले. नेहेम्या म्हणजे विंडसरच्या कारखान्यातला टिपणिसांचा जुना सोबती. मूळ अलिबागकडचं बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घराणं, बोलणं अजून अस्सल तिकडचं, आणि उत्साह वयाला न शोभणारा. नवराबायको नुकतीच फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकलवर फिरून आली होती. साधी सायकल नव्हे, ग्रॅव्हल बाइक. जाड टायरची, खडीवरून जाणारी. जेवण झाल्यावर त्यांनी टीव्हीला फोन जोडून फोटो दाखवायला घेतले, आणि टिपणिसांनी जांभई देण्याची तयारी केली.

फोटोंत काहीच नव्हतं. खडीचा रस्ता, दोन्हीकडे शेतं, लांब एक चर्च. पुढच्या फोटोत तोच रस्ता, तीच शेतं, चर्च थोडं जवळ. अरुणाबाई मात्र पुढे सरकून बसल्या. या रस्त्यांवर ट्रक असतात का, त्यांनी विचारलं. जॉयसवहिनी म्हणाल्या, ट्रक कसला, गाड्यांना बंदीच आहे, आठवडाभरात एक ट्रॅक्टर दिसला, तोसुद्धा उभा. लांबून हायवेचा आवाज? तोही नाही. अरुणाबाईंनी हातातली बडीशेप खाली ठेवली आणि पुढच्या जूनमध्ये मी तुमच्याबरोबर येणार, असं जाहीर केलं.

“आणि मी?” टिपणिसांनी विचारलं.

“तुम्ही या की. तिथे गाडी नाहीये, मग मला कसलीच अडचण नाही,” अरुणाबाई म्हणाल्या.

हे चार माणसांत झालं. टिपणिसांनी बशीतली सुपारी उगाच चाळली. पण त्या रात्रीच त्यांच्या मनात एक विचार आला. आपण बायकोच्या देखत एवढं अंतर सायकल मारली, न थांबता, न भोवळता, तर तिची खात्री पटेल. मग ती परत आपल्या गाडीत बसेल. फ्रान्स राहो बाजूला, त्यांना फक्त ती शेजारची सीट भरलेली हवी होती. म्हणून नेहेम्याने क्यूबेकमध्ये रंगीत तालीम करायची टूम काढली तेव्हा पहिला होकार टिपणिसांनीच दिला. ऑक्टोबरातली थँक्सगिव्हिंगची सुट्टी, जुनी रेल्वेलाइन उखडून केलेला खडीचा रस्ता, आणि या गावापासून त्या गावापर्यंत पस्तीसेक किलोमीटर जंगल आणि शेतं. “तेही फ्रेंच, हेही फ्रेंच. खडी काय, सगळीकडे सारखीच टोचते,” नेहेम्या म्हणाला.

होकार देऊन झाल्यावर टिपणिसांना भीती वाटू लागली. गाड्यांची भीती त्यांना नव्हती. गाडी कुठून येते, कशी थांबते, का थांबत नाही, हे ते सांगू शकत. पण जिथे गाड्याच नाहीत तिथे काय असतं, याची त्यांना कल्पना नव्हती, आणि ती पुरवायला लोक टपलेले होते. ईश्वरभाईंनी कुंपणावरून अस्वलांचा विषय काढला. “भाईसाब, काला भालू हो तो शोर मचाना, भूरा हो तो मुर्दा बनके लेट जाना,” ते म्हणाले. स्वतः त्यांनी अस्वल फक्त नायगाराच्या दुकानात, भुसा भरलेलं पाहिलं होतं. मंडळातल्या एका निवृत्त डॉक्टरीणबाईंनी गोचिडींबद्दल सांगितलं आणि पँट मोज्यांत खोचायचा सल्ला दिला. प्रताप गुप्त्यांनी सगळ्यांवर कडी केली. ऑक्टोबरात तिकडे शिकारी असतात, बदकांना आणि हरणांना मारायला. झाडीत काही हललं की बार काढतात. अंगावर भडक केशरी रंग हवा, म्हणजे माणूस आहे हे कळतं.

केशरी जाकीट दुकानात मिळालं असतं. पण गुप्त्यांच्या बेसमेंटमध्ये गणपतीच्या लेझीम पथकाचे केशरी फेटे पडून होते, आणि वस्तू असताना विकत कशाला घ्यायच्या, हा खजिनदाराचा विचार टिपणिसांना पटला. त्यांनी एक फेटा आणला आणि आरशासमोर हेल्मेटवरून बांधून पाहिला. वर तुरा, पाठीवर लांब शेमला, खाली मोज्यांत खोचलेली पँट. अरुणाबाई दारात येऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग त्या दशम्या करायला निघून गेल्या.

जाताना दोन गाड्या गेल्या. नेहेम्याच्या गाडीत पुढे नेहेम्या आणि जॉयसवहिनी, मागे अरुणाबाई. त्यांच्या मागे टिपणिसांची गाडी, आत टिपणीस, भाड्याच्या दोन ग्रॅव्हल बाइका, दशम्या, लसणाची चटणी, आणि एक रिकामी सीट. नेहेम्याचं ड्रायव्हिंग असं, की बोलताना तो मागे वळून बोलतो. इंडिकेटर त्याला आवडत नाही. टिपणिसांनी त्याला तीन ट्रकांच्या मधून आरपार जाताना पाहिलं आणि मागच्या काचेत अरुणाबाईंचं डोकं निवांत टेकलेलं पाहिलं. त्यांच्या जिवाचं पाणी झालं, आणि अपमान झाला तो वेगळाच.

एकटे असले की ते गाडीत पाढे म्हणत. ही सवय जूनमध्ये लागली होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. एकोणतीसचा पाढा ज्याला येतो तो शुद्धीवर असतो, असा त्यांचा स्वतःचा शोध होता. सिग्नलला म्हणत, वळणावर म्हणत, आणि पांढरा ट्रक दिसला की पहिल्यापासून म्हणत. मिल्टन ते क्यूबेक हा पाढा किती वेळा झाला याला गणती नाही. पोचले तेव्हा त्यांचा घसा बसला होता. जॉयसवहिनींनी गवती चहा करून दिला आणि गारठ्याचा परिणाम असं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं निघाले. मेपल पेटल्यासारखे लाल झाले होते, हवा स्वच्छ होती, आणि वाट सरळ होती. जुन्या रेल्वेची असल्यामुळे तिला चढ नव्हता, उतार नव्हता, वळणही फारसं नव्हतं. नेहेम्या आणि जॉयसवहिनी पुढे, मध्ये अरुणाबाई, शेवटी फेटा. खडी चाकाखाली करकरत होती. पहिले काही किलोमीटर इतके बरे गेले की टिपणिसांनी परतीचा प्रवाससुद्धा मनात रंगवला. अरुणा शेजारी बसली आहे, थर्मासमधून चहा ओतून देते आहे, आणि नेहेम्या आपल्या मागे आहे, शक्यतो बराच मागे.

मग त्यांच्या लक्षात आलं की काहीच ऐकू येत नाही. इतकी शांतता त्यांनी कॅनडात काय, कुठेच ऐकली नव्हती. आवाज नाही म्हणजे माणूस नाही. माणूस नाही म्हणजे आपण इथे पडलो तर बघायला कुणी नाही. चारशेएकवर निदान मागच्या गाडीवाल्याने अँब्युलन्स बोलावली होती. इथे मागे फक्त रस्ता होता. फोन काढून पाहिला तर सिग्नल नव्हता. या रस्त्याचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य म्हणून जे नेहेम्या सांगत होता, ते किती भयंकर आहे हे त्यांना आता कळलं. एखादा ट्रक, अगदी पांढरासुद्धा, त्यांना त्या वेळी चालला असता.

त्यांनी पाढा सुरू केला, बसलेल्या घशातून निघेल तेवढ्या मोठ्याने, म्हणजे अस्वलांनाही ऐकू जाईल. तेवढ्यात उजवीकडच्या शेतापलीकडून बार झाला. लगेच दुसरा. बदकांचा थवा ओरडत डोक्यावरून गेला. आपला केशरी रंग शिकाऱ्याला नीट दिसावा म्हणून टिपणीस सायकलवर ताठ झाले आणि त्यांनी फेट्याचा शेमला एका हाताने वर धरून हलवला. शेमला मोठा होता, वारा मागून होता. हातातून सुटला तो सरळ पुढच्या चाकात गेला. लेझीम पथकाचा फेटा उत्तम प्रतीचा असतो, तो फाटत नाही. तो गुंडाळला जातो. डोक्यावरचा पीळ भराभरा उलगडत चाकात शिरला, चाक जागच्या जागी थांबलं, आणि तीस वर्षं ब्रेक तपासलेला माणूस हँडलवरून पुढे, शेजारच्या चरात जाऊन पडला.

चरात ओली पानं होती, त्यामुळे लागलं फारसं नाही. गुडघा सोलवटला आणि मनगट दुखू लागलं. पण छाती धडधडत होती आणि डोळ्यांसमोर पिवळं दिसत होतं, आणि ते मेपलचं पिवळं की आतलं, हे कळेना. त्यांनी घाईघाईने पाढा घेतला. एकोणतीस सहा एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस सात. एकोणतीस सात. पुढचं येईना. हाक मारायला तोंड उघडलं तर बसलेल्या घशातून नुसती हवा आली. पुढची तिघं केव्हाच दिसेनाशी झाली होती.

आणि तेव्हा त्यांना खडीवर आवाज ऐकू आला. काहीतरी वेगाने जवळ येत होतं, जोरजोरात श्वास घेत होतं. मग काहीतरी धाडकन आपटलं आणि झुडपं मोडत ते चराकडे निघालं. टिपणिसांना ईश्वरभाई आठवले. एका रंगाच्या अस्वलाला ओरडायचं, दुसऱ्याला मेल्याचं सोंग. कुठल्याला कुठलं? आणि रंग बघायचा तर डोळे उघडायला हवेत, आणि मेलेला माणूस डोळे उघडत नाही. घसा बसलेला असल्यामुळे ओरडण्याचा पर्याय आपोआप बाद झाला. त्यांनी डोळे गच्च मिटले, श्वास रोखला आणि अंग सैल सोडलं.

थंड, ओलसर काहीतरी त्यांच्या मानेला लागलं. नाक असणार. ते मानेवरून गळ्याकडे आलं, तिथे थांबलं, थरथरलं. श्वास अगदी कानाशी आला. बराच वेळ काहीच झालं नाही.

“अहो,” असं कुणीतरी म्हटलं.

हाक मारतानाचा आवाज नव्हता तो. उत्तर येणार नाही हे धरून म्हटलेलं होतं, हलकेच, जवळजवळ स्वतःशी. टिपणिसांनी डोळे उघडले. अरुणाबाई गुडघ्यांवर बसल्या होत्या, ओल्या हातमोज्यातली दोन बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवून, नाडी शोधत. त्यांचा चेहरा टिपणिसांनी पाहिला. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या चेहऱ्याचे सगळे प्रकार आपण पाहिले आहेत असं ते समजत होते. हा पाहिला नव्हता.

पण जीभ आधीच तयार होऊन बसली होती. “अस्वल गेलं?” त्यांनी विचारलं.

अरुणाबाईंनी त्यांच्या खांद्यावर एक फटका मारला, मग दुसरा. मग त्या तिथेच ओल्या पानांत बसल्या आणि मोठ्याने रडू लागल्या. टिपणीस उठून बसले. बायको अशी रडते आहे आणि आपल्याला काहीही सुचत नाही, हे त्यांना जाणवत राहिलं. सांत्वन करावं म्हणून आपण अस्वलासाठी मेल्याचं सोंग घेतलं होतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. त्याने ते रडणं वाढलं.

“मार्चमध्ये असेच पडला होतात,” अखेर त्या म्हणाल्या. “मान अशीच. तोंड असंच उघडं. मी ‘अहो, अहो’ करतेय आणि एका हाताने ते स्टिअरिंग ओढतेय. तुम्ही सगळ्यांना सांगता, डुलकी लागली. तुम्ही तिथे नव्हतातच. मी होते.”

सात महिने त्यांनी डॉक्टरांची प्रमाणपत्रं दाखवली होती, लायसन दाखवलं होतं, तीस वर्षांचा अनुभव सांगितला होता. पण त्या गाडीतले मधले काही क्षण, जे त्यांना आठवत नाहीत, ते सगळेच्या सगळे हिच्या वाट्याला आले होते, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. आत्ता तो चेहरा पाहिला तेव्हा शिरलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“मला भीती वाटते, अरुणा,” ते म्हणाले.

“अस्वलाची?”

“नाही. परत तसं होईल याची. गाडीत बसलं की वाटते. रोज.”

अरुणाबाईंनी नाक पुसलं. “मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?”

“तू गाडीत बसली नसतीस.”

“तशीही बसत नव्हतेच की,” अरुणाबाई म्हणाल्या, आणि रडतारडता त्यांना हसू आलं.

पुढे नेहेम्या आणि जॉयसवहिनी परत फिरून आले. नेहेम्याने चाकातून फेटा काढायला अर्धा तास घेतला, शेवटी खिशातल्या सुरीने कापून काढला. मंडळाला नुकसानभरपाई द्यावी लागेल, याची चर्चा झाली. गुडघ्याला पट्टी बांधून टिपणीस आलेलं अंतर सायकल हातात धरून परत चालत गेले, आणि अरुणाबाई आपली सायकल धरून त्यांच्या शेजारून. चालता चालता चटणीदशमी खाल्ली. शिकाऱ्यांचे बार अधूनमधून होत होते आणि प्रत्येक वेळी दोघंही दचकत होते.

दुसऱ्या दिवशी परत निघायची वेळ आली. टिपणीस मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळून पार्किंगमध्ये आले तर अरुणाबाई त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्या होत्या. बेल्ट लावलेला, मांडीवर पर्स, नजर सरळ समोर. पर्सवरची बोटं पांढरी पडली होती.

“चला. बसले मी,” त्या म्हणाल्या.

ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते असं पुढ्यात येऊन बसलं होतं. टिपणीस दार धरून उभे राहिले. एवढे दिवस त्यांनी त्या सीटकडे पाहिलं होतं, आज त्यांनी त्या बोटांकडे पाहिलं. मग ते नेहेम्याच्या गाडीकडे गेले आणि किल्ली जॉयसवहिनींच्या हातात ठेवून म्हणाले, “वहिनी, माझी गाडी तुम्ही आणाल का? आम्ही दोघं नेहेम्याच्या मागे बसतो.”

जॉयसवहिनींनी एक प्रश्नही विचारला नाही. नेहेम्यालाच वाईट वाटलं, कारण त्याच्या शेजारी बोलायला कुणी उरलं नाही. ते त्याने मागे वळून वळून भरून काढलं. कॉर्नवॉलच्या अलीकडे त्याने दोन ट्रक एकदम मागे टाकले. टिपणिसांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर गच्च दाबला गेला आणि डोळे आपोआप मिटले. अरुणाबाईंचेही मिटलेले होते. त्यांचा हात टिपणिसांच्या हातात होता, बोटं मनगटावर.

“अहो,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

“आहे, आहे,” टिपणीस म्हणाले.

किंग्स्टन गेलं, ऑशवा गेलं. थोड्या थोड्या वेळाने त्या विचारत होत्या, आणि ते प्रत्येक वेळी सांगत होते.